अर्क कोणाचा?

रमजान सुरू झाला की मुस्लिम घरांत तीन वस्तूंची विचारपूस होते: अत्तराची कुपी, सुरमादाणी आणि बिर्याणीची तांब्याची देग. देगेची कल्हई उडाली असेल, तर ती ईदच्या आधी करून घ्यावी लागते. या तिन्ही वस्तूंमागे रसायनशास्त्राचे शेकडो वर्षांचे प्रयोग आहेत.

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागराचे दोन वायू होतात, ते तांब्यावरचा काळा थर काढतात आणि मग कथील चिकटते. थंड होताना ते वायू पुन्हा एकत्र येतात, म्हणून धूर पांढरा दिसतो. शाळेत मुले संप्लवन शिकतात तेही याच नवसागरावर. संस्कृतात तो नवसार, अरबी-फारसीत नौशादर.

पनवेलकरांना रसायन परके नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथेच श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. जवळच्या रसायनीचे तर नावच बोलके आहे. तरीही मोबाइलवर एक वाद सतत फिरत असतो: रसायनशास्त्राचा जनक कोण, नागार्जुन की जाबिर इब्न हय्यान? दोन्ही बाजूंनी हिरीरीने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादा प्रयोग स्वतः करून पाहिला असेल?

गंमत अशी, की जुन्या ग्रंथकारांचा आग्रह नेमका याच गोष्टीसाठी होता. आठव्या शतकातल्या जाबिरच्या नावावरचे सगळे ग्रंथ एकाच माणसाचे नाहीत, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पण प्रत्यक्ष प्रयोगाशिवाय या विद्येत काही हाती लागत नाही, हे त्या ग्रंथांत ठासून सांगितले आहे. आपल्याकडे तेराव्या शतकाच्या सुमारास ‘रसप्रकाशसुधाकर’ लिहिणारा यशोधर म्हणतो, की मी ऐकीव लिहीत नाही, स्वतःच्या हातांनी केलेलेच लिहितो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासात त्याची मुद्दाम दखल घेतली आहे.

मग आपणही एक जुना प्रयोग हाताने करून पाहू. पसरट पातेल्याच्या मधोमध एक वाटी पालथी ठेवा. भोवती फवारणी न केलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या पसरा आणि त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी घाला. पालथ्या वाटीवर दुसरी रिकामी वाटी सुलटी ठेवा. पातेल्यावर मधे मूठ असलेले झाकण उलटे ठेवा, म्हणजे मूठ वाटीच्या बरोबर वर येईल. वाफ धरली की झाकणावर बर्फ ठेवा आणि आच मंद करा. मुले सोबत असतील, तर गॅसपाशी मोठ्यांनीच थांबावे. वीस-पंचवीस मिनिटांत वाटीत पाणी जमते. त्याला रंग नसतो, वास मात्र गुलाबाचा. रंग खाली पातेल्यात राहतो. गुलाबाचे तेल एरवी दोनशे अंशांच्या पुढे उकळते. वाफेसोबत मात्र ते शंभर अंशांच्या आतच वर येते.

बर्फाखालच्या झाकणाला जणू घाम फुटतो. अरबीत ‘अरक’ म्हणजे घामच. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला अरबांनी ‘अल-अंबीक’ म्हटले, पण ‘अंबिक्स’ हा मूळ शब्द ग्रीक. अलेक्झांड्रियातल्या मारिया नावाच्या ज्यू विदुषीने अशी उपकरणे वापरल्याचे जुने ग्रंथ सांगतात. नवव्या शतकात अल-किंदीच्या नावावरच्या ग्रंथात सुगंधांच्या शंभराहून जास्त कृती आल्या. आपल्या ‘रसरत्नसमुच्चया’त तिर्यक्पातन यंत्र आहे: दोन घडे, मधे तिरकी नळी. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या देगेचे तोंड मातीने लिंपून हेच करतात, बिर्याणीला दम देताना आपण कणीक लावतो तसे.

हाताने केल्याशिवाय काय हुकते, याचे चांगले उदाहरण सुरम्यातच आहे. अस्सल सुरमा म्हणजे अँटिमनीचे खनिज. त्यापासून सोनेरी काच करण्याची कृती सतराव्या शतकातल्या एका युरोपीय ग्रंथात आहे. अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ लॉरेन्स प्रिन्सिपे यांनी ती शुद्ध द्रव्य घेऊन करून पाहिली, तर काच होईना. मग त्यांनी पूर्व युरोपातले खाणीतले खनिज आणून पाहिले आणि सोनेरी काच झाली. त्या खनिजात थोडी गारगोटी मिसळलेली होती, आणि तिच्याशिवाय काच होत नव्हती. ग्रंथ खोटा नव्हता. लिहिणाऱ्याला जे ठाऊक नव्हते, ते खनिजातच होते.

एक इशारा मात्र हवा. जुने म्हणून सगळेच करून पाहण्याजोगे नसते. पारा घरी कधीच तापवू नये. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यात आज शिसे असते, तेव्हा ईदला लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालू नये.

गुलाबाचे पाणी मात्र जरूर करून पाहा. शेजारच्या मुलांनाही बोलवा, कोणाच्याही घरची असोत. जमलेच तर इफ्तारच्या फिरनीत दोन चमचे घाला. अर्क कोणाचा, हे त्यांनी विचारले तर मारिया, अल-किंदी, यशोधर सगळ्यांची नावे सांगा, आणि पुढच्या खेपेला पातेले त्यांना मांडू द्या.