एका डोंगरावरचे दोन थेंब

दोस्तांनो, ‘जलविभाजक म्हणजे काय?’ हा प्रश्न पेपरात आला, की आपण धडाधड लिहून मोकळे होतो : ‘दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंच भाग.’ मार्क मिळतात, विषय संपतो. पण ही व्याख्या पायाखाली घालायची असेल, तर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात चला.

दोन पाख्यांचं पत्र्याचं घर पाहिलंय ना? थेंब आढ्याच्या अलीकडे पडला तर अंगणात येतो, पलीकडे पडला तर परसात. बालाघाटचा डोंगर म्हणजे असंच एक लांबलचक आढं!

या तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेप घेते. पावसाळ्यात हा धबधबा बघायला गर्दी लोटते. विंचरणा पुढं जामखेडकडे जाते नि सीनेला मिळते. सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे विंचरणेचा थेंब कृष्णेच्या खोऱ्यातला.

आता गंमत बघा. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यातला, पण ती धरते पूर्वेची वाट. लातूर, बिदर असं करत ती तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही पाटोद्याच्याच डोंगरातली. ती सिंदफणेची उपनदी, आणि सिंदफणेचा गोदावरीशी संगम होतो माजलगाव तालुक्यात, मंजरथला. गोदाकाठच्या त्या सपाट, काळ्या मातीच्या पट्ट्याला इकडं ‘गंगथडी’ म्हणतात. गोदावरी म्हणजे आपली गंगाच की!

एवढ्या नद्या उगम पावतात, मग बीडला दुष्काळ का? तर पाऊसच कमी. अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात नि तिथंच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, बीडला सरासरी सातशेच्याही आत. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नाव मोठं गोड, पण त्या छायेत राहून बघा! पाण्याअभावी दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. तुमच्याएवढी कित्येक मुलंही सोबत जातात, आणि वर्गातली त्यांची जागा रिकामी राहते.

जलविभाजक किती पक्का असतो, हे २०१६ साली साऱ्या देशानं पाहिलं. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि त्यावर तहान भागवणारं लातूर शहर कोरडं पडलं. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे पाणी होतं कृष्णेचं! जे पाणी आपल्या पायांनी कधीच बालाघाट ओलांडून मांजरेच्या खोऱ्यात आलं नसतं, ते रुळांवरून आलं.

आता ॲटलास उघडा. एक बोट सीनेवर ठेवा, दुसरं मांजरेवर, आणि दोन्ही बोटं प्रवाहाबरोबर सरकवत न्या. पाटोद्याला फारकत झालेले ते दोन थेंब शेवटी आंध्र प्रदेशात पोचतात, शेजारशेजारच्या त्रिभुज प्रदेशांतून एकाच बंगालच्या उपसागरात. आणि पुढचा मोठा पाऊस झाला, की शाळेच्या मैदानावर जाऊन पाहा : पाणी कुठून दोन वाटांना फुटतं?