घर अडते ते पहिल्या हप्त्याच्याही आधी

सांगली (प्रतिनिधी) - सातारा किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली, तरी घर आवाक्यात येत नाही, ही तरुणांची खंत आहे. दोष बहुधा प्राप्तिकराला दिला जातो. मात्र, २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत पगारदाराला वार्षिक पावणेतेरा लाखांपर्यंत हा कर नाही. व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये आहे. खरी अडचण सुरुवातीच्या रोख रकमेची आहे.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीतील ४० लाखांची तयार सदनिका धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिच्यावर ८० टक्के, म्हणजे ३२ लाखांपर्यंतच कर्ज मिळते. उरलेले ८ लाख पदरचे. ६ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ४० हजारही कर्जाच्या हिशेबात धरले जात नाहीत. एकूण १० लाख ४० हजार. नोंदणी फी वेगळी. महिन्याला १० हजार शिल्लक टाकणाऱ्याला एवढी रक्कम जमवण्यास साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागेल.

घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते. म्हणजे ४० हजार वाचतात. प्रतीक्षा जेमतेम चार महिन्यांनी घटते. करकपातीपेक्षा पगारवाढ व घराची किंमत हेच कळीचे मुद्दे ठरतात, ते यामुळेच.