ग्लायडरला विजेची मोटार

तुम्ही पतंग उडवला असेलच. दोर ओढला की पतंग वर चढतो. रेडिओने चालवायचा छोटा ग्लायडरही तसाच दोराने वर चढवतात. दोर सुटला की तो आपल्या लांब पंखांवर तरंगत हळूहळू खाली येतो. त्याला इंजिन नसते. पुन्हा उडवायचा म्हणजे पुन्हा दोर आणि पुन्हा धावपळ! मग त्याला विजेची मोटार बसवली तर?

मोटार बसवणे फार अवघड नाही. अवघड आहे तो तोल सांभाळणे. एक पट्टी बोटावर आडवी ठेवून पाहा. ज्या जागी ती तोलून राहते, तो तिचा गुरुत्वमध्य. ग्लायडरचा गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढच्या एक तृतीयांश भागाजवळ असतो. तो तेथे राहावा म्हणून ग्लायडरच्या नाकात शिसे भरतात. आता हे शिसे काढा. नाकात मोटार बसवा व तिच्यामागे बॅटरी ठेवा. बॅटरी थोडी पुढेमागे सरकवून तोल पूर्वीच्याच जागी आणा. शेपटीकडचा भाग जड राहिला, तर नाक वर उचलले जाते, वेग कमी होतो आणि ग्लायडर कोसळतो.

मोटार केवढी हवी? तयार ग्लायडरचे वजन १ किलोग्रॅम असेल, तर सुमारे १५० वॅटची मोटार पुरते. बॅटरी ११.१ व्होल्टची असेल, तर १५० ला ११.१ ने भागा. सुमारे १३.५ अँपिअर वीजप्रवाह लागेल. १.३ अँपिअर-तासाची बॅटरी या हिशेबाने जेमतेम सहा मिनिटे चालेल. ती पूर्ण रिकामी करू नये. पाचवा भाग शिल्लक ठेवावा. म्हणजे अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या नऊ चढाया मिळतील. एरवी मोटार बंदच असते. तेव्हा तिच्या पंख्याची पाती मागे मिटतात, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो.

दोन गोष्टी विसरू नका. मोटारीची चाचणी पंखा काढूनच घ्या, कारण फिरणारे पाते बोट कापू शकते. लिथियमची बॅटरी योग्य चार्जरवर आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच भारा. फुगलेली बॅटरी वापरू नका. ती पेट घेऊ शकते.

हाच प्रयोग मोठ्या विमानावरही झाला आहे. फ्रेड मिलिटकी यांनी आधी विजेवर उडणारी छोटी विमाने बनवली होती. पुढे ऑस्ट्रियात एका मोटार-ग्लायडरचे पेट्रोल इंजिन काढून त्यांनी विजेची मोटार व बॅटऱ्या बसवल्या. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी हाइनो ब्रडिच्का यांनी ते विमान काही मिनिटे उडवले. केवळ विजेच्या मोटारीवर माणसाला घेऊन उडालेले ते पहिले विमान मानले जाते. छोट्या विमानांवर केलेला अभ्यास असा मोठ्या कामी आला.