जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांची दंतचिकित्सा

समजा, पाच वर्षांच्या एका मुलीची दाढ किडली आहे. आई तिला खुर्चीत बसवते आणि सहज सांगते, "हिच्या हृदयाला छिद्र आहे, औषध चालू आहे." अशा वेळी तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल? बरेच विद्यार्थी लगेच म्हणतात, "अँटिबायोटिक कोणते द्यायचे?" त्याआधी विचारायला हवे ते असे: छिद्र कुठे आहे, शस्त्रक्रिया झाली का, झाली असल्यास कधी, आणि पॅच किंवा कृत्रिम झडप बसवली आहे का? आईला हे सांगता येईलच असे नाही. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांची फाईल मागवा.

आता भीती कशाची, ते समजून घेऊ. तोंडातील व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस गटाचे जीवाणू सुजलेल्या हिरडीतून रक्तात शिरतात. निरोगी मुलात ते काही मिनिटांत नाहीसे होतात. पण हृदयातील खडबडीत जागी किंवा कृत्रिम झडपेवर ते चिकटून वाढू लागले, तर एन्डोकार्डायटिस होतो. तो जिवावर बेतू शकतो.

पूर्वी जवळजवळ प्रत्येक हृदयरुग्णाला दात काढण्याआधी प्रतिजैविक दिले जाई. २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही यादी बरीच आखडली. कारण साधे आहे. दंतवैद्याकडे मूल वर्षातून एक-दोनदा येते, पण चावणे आणि दात घासणे रोजचे. किडलेल्या, सुजलेल्या तोंडातून जीवाणू रक्तात जातात ते मुख्यतः घरीच, आणि रोज.

आज प्रतिजैविक कोणाला द्यायचे? कृत्रिम झडप असलेल्यांना, पूर्वी एन्डोकार्डायटिस झालेल्यांना आणि शस्त्रक्रिया न झालेल्या 'निळ्या' हृदयविकाराच्या मुलांना. कृत्रिम साहित्य वापरून दोष पूर्ण दुरुस्त केला असेल, तर पहिले सहा महिने. पॅचजवळ गळती उरली असेल, तर त्यानंतरही. हृदयप्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेली असल्यासही द्यावे लागते. तेही हिरडीला किंवा दाताच्या मुळाच्या टोकाला इजा होणारे काम असेल तरच. एक्स-रे काढताना किंवा दुधाचा दात आपोआप पडताना गरज नाही. अमॉक्सिसिलिनची मात्रा वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, कमाल २ ग्रॅम, कामाआधी ३० ते ६० मिनिटे, एकदाच. म्हणजे १४ किलोच्या मुलाला ७०० मिलिग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास अझिथ्रोमायसिनचा पर्याय आहे. जुन्या पुस्तकांत क्लिंडामायसिन आढळेल, पण २०२१ पासून त्याची शिफारस नाही.

दात किडण्यामागची घरची कारणेही पाहा, कारण ती क्वचितच कोणी विचारतो. हृदयविकाराचे तान्हे बाळ दूध पिताना दमते, म्हणून त्याला थोडे थोडे पण वारंवार पाजावे लागते. औषधांची काही सिरप साखरेची असतात आणि ती बऱ्याचदा झोपताना दिली जातात. मूल जगवण्याच्या धडपडीत दातांकडे दुर्लक्ष झाले म्हणून आईला बोल लावू नका. सिरप दिल्यावर तोंड पाण्याने पुसायला आणि १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरायला सांगा: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर दातांचे काम तिच्याआधीच उरकायला हवे.

खुर्चीत आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. फॅलोट्स टेट्रालॉजीचे मूल जोरात रडले, तर त्याचे ओठ-नखे निळी पडून झटका येऊ शकतो. तसे झाल्यास काम थांबवा, त्याचे गुडघे छातीशी घ्या, ऑक्सिजन द्या आणि तातडीची मदत बोलवा. भेट छोटी आणि शक्यतो सकाळची ठेवा. वॉरफेरिन चालू असेल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करायला सांगू नका. आयएनआर पाहून हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.

आता त्या मुलीकडे वळू. फाईल सांगते: कप्प्यांमधल्या पडद्यात छोटे छिद्र, शस्त्रक्रिया नाही, मुलगी निळी पडत नाही, एन्डोकार्डायटिस कधी झालेला नाही. ही मुलगी वरच्या यादीत बसत नाही. दाढ भरून द्या आणि आईला विचारा, सिरप किती वाजता देता?