जव्हार-मोखाड्यातला प्रचार स्वच्छ आहे की नाही, हे तपासतं कोण?

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार ऐन रंगात आला होता. पालघर जिल्ह्यातल्या वाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत एका संशयास्पद जीपमधून ३ कोटी ७० लाख रुपयांची रोकड जप्त झाली. मतदानाच्या दोन दिवस आधी निवडणूक आयोगाने राज्यातल्या मोठ्या कारवायांची माहिती दिली, तेव्हा या जप्तीचा खास उल्लेख केला. तोपर्यंत महाराष्ट्रात रोकड, दारू, अमली पदार्थ, मौल्यवान धातू आणि वाटपाच्या वस्तू मिळून ६६० कोटींहून अधिक किमतीचा ऐवज पकडला गेला होता. २०१९ च्या विधानसभेला हा आकडा सुमारे १०३ कोटी होता.

वाड्याच्या पुढे डोंगर चढत गेलं की विक्रमगड, जव्हार आणि मग मोखाडा लागतो. हे तिन्ही तालुके आणि वाड्याचा काही भाग मिळून विक्रमगड हा विधानसभा मतदारसंघ होतो. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दहापैकी नऊ माणसं आदिवासी. गावं पाड्यांमध्ये विखुरलेली.

अशा भागात प्रचार नियमात चाललाय की नाही, हे कोण पाहतं? आणि जे पाहिलं जातं, त्यात सगळं दिसतं का?

प्रचारावर नजर ठेवणं म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर तीन गोष्टी तपासायच्या असतात. उमेदवार किती खर्च करतोय? मतदाराला आमिष किंवा धमकी दिली जातेय का? आणि सत्तेतल्या पक्षाला सरकारी यंत्रणेचा जास्तीचा फायदा मिळतोय का?

खर्चाची मर्यादा ठरलेली आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्च करता येतात. त्यासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. प्रचाराच्या काळात हिशेबाची वही खर्च निरीक्षकासमोर किमान तीनदा तपासून घ्यावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो. योग्य कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

उमेदवाराचा हिशेब खरा की खोटा, हे तपासायला यंत्रणा स्वतःची समांतर नोंद ठेवते. व्हिडिओ पथक सभेचं चित्रीकरण करतं. दुसरं पथक ते पाहून खुर्च्या, गाड्या, बॅनर, मंडप मोजतं. चहापासून मंडपापर्यंत प्रत्येक गोष्टीचे दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने आधीच ठरवलेले असतात. त्या दराने खर्च काढून तो छाया नोंदवहीत लिहिला जातो. दोन वह्यांत फरक पडला की नोटीस निघते.

रस्त्यावर भरारी पथकं फिरतात आणि नाक्यांवर स्थिर सर्वेक्षण पथकं बसतात. या भागात नाकी महत्त्वाची ठरतात, कारण येण्या-जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत. त्र्यंबकेश्वरकडून मोखाड्याला येणारी, कसाऱ्याकडून खोडाळ्याला येणारी, विक्रमगडहून जव्हारला चढणारी आणि सिल्वासाकडून येणारी. दादरा-नगर हवेलीत दारू करामुळे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे निवडणुकीत ही शेवटची वाट पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्यासाठी डोकेदुखी असते.

५० हजारांहून जास्त रोकड जवळ असेल, तर तिचे कागद सोबत हवेत. अर्थात, पकडलेला प्रत्येक रुपया निवडणुकीचाच असतो असं नाही. भाताचे किंवा गुरांचे पैसे घेऊन निघालेला शेतकरीही अडकू शकतो. अशा वेळी जिल्हा पातळीवरच्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागता येते. रकमेचा निवडणुकीशी संबंध नसेल, तर ती परत मिळते.

जिथे बंदुकीची भीती असते, तिथे काय करतात?

जगात ही नजर ठेवण्याचं काम सगळ्यात अवघड होतं ते युद्धग्रस्त देशांत. अफगाणिस्तानात ऑक्टोबर २००४ मध्ये पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक झाली, तेव्हा सुरक्षेच्या कारणामुळे परदेशी निरीक्षकांना देशभर फिरता आलं नाही. अशा ठिकाणी दोन मार्ग उरतात. एक, स्थानिक लोकांनाच निरीक्षक म्हणून तयार करायचं. दोन, रेडिओ आणि टीव्हीवर कोणत्या उमेदवाराला किती वेळ मिळाला, हे घड्याळ लावून मोजायचं. उमेदवार गावात जाऊ शकत नसेल, तर रेडिओ हेच त्याचं व्यासपीठ असतं, हा त्यामागचा साधा विचार.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारं उदाहरण गडचिरोलीचं. तिथल्या नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी ३ वाजता संपवलं जातं आणि मतदान पथकं हेलिकॉप्टरने नेली जातात.

जव्हार-मोखाड्यात असं काही नाही. इथे प्रचार करायला कुणाला भीती वाटत नाही. पण बंदूक नाही म्हणजे मतदार निर्धास्त आहे, असा अर्थ होत नाही. इथली असुरक्षितता रोजगाराची आहे.

दिवाळीनंतरचा रिकामा पाडा

भाताची कापणी झाली, दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं पोराबाळांसह बाहेर पडतात. भिवंडी, वाडा, वसई, कल्याण या पट्ट्यात वीटभट्टीवर, रेती किंवा बांधकामावर काम करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अनेकांनी भट्टीमालकाकडून आधीच बयाणा घेतलेला असतो. म्हणजे काम सुरू होण्याआधीच डोक्यावर देणं असतं.

२०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, लोकसभेसाठी पालघरचं मतदान २० मे रोजी झालं. दोन्ही तारखा स्थलांतराच्या हंगामातल्या.

कायद्याने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते, रोजंदारीवरच्या मजुरालाही. पण भट्टीवर मजुरी विटांच्या हजारावर मोजली जाते. नवरा-बायको मिळून विटा पाडतात. गावी जाऊन मतदान करून परत यायचं तर एक नाही, दोन दिवस मोडतात. वर एसटीचं भाडं. मग कुणीतरी जीप पाठवतं.

इथे नियम आणि वास्तव एकमेकांसमोर उभे राहतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार उमेदवाराने मतदारांना मतदान केंद्रापर्यंत मोफत नेण्या-आणण्यासाठी गाडी लावणं हा भ्रष्ट आचार आहे. तो सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. नियमामागचं कारण योग्यच आहे. गाडी ज्याची, त्याच्या उपकाराखाली मतदार जातो. पण त्या जीपमध्ये बसलेल्या बाईकडे मतदानाला पोहोचण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर नियम पाळला जाऊन तिचं मत मात्र बुडतं.

यावर उपाय उमेदवाराच्या जीपमध्ये नाही. सरकारी वाहतूक आणि सुट्टीची खरी अंमलबजावणी, हाच तो उपाय. भट्टीमालकाने सुट्टी दिली का, मजुरी कापली का, हे तपासणं प्रचारावर नजर ठेवण्याइतकंच गरजेचं आहे.

‘तुमच्या पाड्याची मतं कळतात बरं का’

मत गुप्त असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाड्याचं मत गुप्त राहतं का?

मतमोजणी मतदान केंद्रानुसार होते आणि केंद्रनिहाय आकडे निकालानंतर जाहीर होतात. शहरात यातून फारसं काही कळत नाही. पण जिथे एक केंद्र म्हणजे दोन-तीन पाडे, तिथे कुणाला किती मतं पडली हे दुसऱ्या दिवशी चावडीवर कळतं. मग प्रचारात एक वाक्य पुरेसं असतं: ‘मतं दिली नाहीत, तर रस्ता विसरा.’ उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

असं बोलणं आचारसंहितेत बसत नाही. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरमध्ये मेनका गांधी यांनी मतांनुसार गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी करून कामं देण्याबद्दल वक्तव्य केलं, तेव्हा आयोगाने त्यांची निर्भर्त्सना केली होती. पण ते भाषण सभेतलं होतं आणि त्याचं चित्रीकरण झालं होतं. अंगणात बसून म्हटलेलं वाक्य कोणत्याच छाया नोंदवहीत येत नाही.

यावर तांत्रिक उपाय आहे. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ हे यंत्र वापरावं, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने तो मान्य केलेला नाही.

तक्रार करायची तर कशी?

आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ नावाचं ॲप आहे. पैसे वाटप किंवा इतर गैरप्रकार दिसला की जागेवरच फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि पाठवायचा. नाव लपवता येतं. भरारी पथक पोहोचून १०० मिनिटांत तक्रार निकाली निघावी, अशी रचना आहे. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, ठिकाण ॲप स्वतः नोंदवतं आणि फोटो काढल्यावर पाच मिनिटांत तक्रार पाठवावी लागते.

खोट्या तक्रारी रोखायला हे उत्तम. पण दरीतल्या पाड्यात रेंजच नसेल, तर त्या पाच मिनिटांचं करायचं काय? अशा ठिकाणी १९५० हा मदत क्रमांक, तहसील कार्यालय किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज हेच मार्ग उरतात. आणखी एक अडचण आहे. भारतीय न्याय संहितेनुसार मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. त्यामुळे ज्याने पाकीट पाहिलं, तोच बोलायला कचरतो.

मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराचं कोडं वेगळं. टीव्ही, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातींना आधी समितीकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पण क्लिपला कोण थांबवणार? २०१८ च्या पालघर लोकसभा पोटनिवडणुकीत मतदानाच्या तोंडावर शिवसेनेने तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची म्हणून एक ऑडिओ क्लिप सभेत ऐकवली. क्लिपची मोडतोड केल्याचं फडणवीस यांनी सांगितलं. खरं-खोटं ठरायला वेळ लागतो, मतदानाची तारीख मात्र थांबत नाही.

सगळ्या निवडणुकांना हेच नियम का?

नाही. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगर परिषद राज्य निवडणूक आयोगाकडे. जव्हार नगर परिषदेसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झालं, ते या दुसऱ्या आयोगाच्या देखरेखीखाली. तिथे ‘क’ वर्ग नगर परिषदेसाठी खर्चाची मर्यादा थेट नगराध्यक्षपदाला साडेसात लाख आणि सदस्यपदाला अडीच लाख रुपये होती.

एक मोठी फट मात्र वरच्या निवडणुकांत कायम आहे. मर्यादा उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. बड्या नेत्याचं हेलिकॉप्टर गावात उतरतं, तेव्हा त्याच्या प्रवासाचा खर्च साधारणपणे पक्षाच्या खात्यात जातो. त्यामुळे अपक्ष किंवा छोट्या पक्षाचा उमेदवार आणि मोठ्या पक्षाचा उमेदवार कागदावर समान दिसतात, मैदानात नाही.

मग मतदाराच्या हातात काय?

प्रत्येक उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर टाकला जातो आणि त्याची प्रतही मागता येते. आपल्या पाड्यावर झालेली सभा, आलेल्या गाड्या, वाटलेलं जेवण त्यात आहे का, हे त्या पाड्याइतकं अचूक दुसरं कुणीच सांगू शकत नाही. भ्रष्ट आचाराचा पुरावा असेल, तर निकालानंतर ४५ दिवसांत उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो.

नाक्यावर गाडी तपासली जाते, तेव्हा पैसा पकडला जातो. पण भट्टीवरचा बयाणा, रस्त्याची धमकी आणि परतीच्या भाड्याची चणचण नाक्यावरून जात नाहीत. प्रचार निष्पक्ष होता का, याचं उत्तर शोधायचं असेल, तर जप्तीच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा विचारावा लागेल. भट्टीवर गेलेल्यांपैकी किती जण, कुणाच्याही उपकाराशिवाय, मतदान केंद्रापर्यंत पोहोचले?