मोरबेचं पाणी पारखताना

खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेलं मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवतं. पाणी शुद्ध होतं भोकरपाड्याला. पण अशा जलाशयाची प्रकृती आधी होडीतूनच कळते.

पाणी किती नितळ आहे हे पाहायला सेकी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईल ती खोली नोंदवायची. १८६५पासूनची ही युक्ती आजही चालते. प्राणवायूसाठी बाटलीभर नमुन्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालतात: तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही!

सर्वात जास्त जपायचं ते फॉस्फरसपासून. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. फॉस्फरस मात्र काही शतांश मिलिग्रॅम असला तरी शेवाळ फोफावतं. खतं आणि सांडपाणी पहिल्या पावसातच वाहून येतात, तेव्हा जूनमधला नमुना चुकवून चालत नाही.