नोंदवहीतील खोटी पेढी

आपल्या रत्नागिरीचा बागायतदार आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात धाडतो, तेव्हा माल आधी जातो आणि पैसा मागाहून येतो. ज्या पेढीच्या नावावर पेटी गेली तिचे मालक कोण, तिचे दुकान कोठे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतेच असे नाही. कोणी विचारलेच तर तो म्हणतो, "पेढी रजिस्टर आहे ना, मग झाले!" हे 'मग झाले' कितपत खरे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

१९३२ सालच्या भारतीय भागीदारी कायद्याने पेढ्यांची नोंदवही निबंधकाच्या स्वाधीन केली. पेढीचे नाव, ठिकाण, भागीदारांची नावे व पत्ते लिहून भागीदारांनी सह्या करावयाच्या आणि निबंधकाने ते नोंदून घ्यावयाचे. येथे एक मर्म ध्यानी घेतले पाहिजे. लिहिलेला मजकूर सही करणाराविरुद्ध निर्णायक पुरावा ठरतो. परंतु तो खरा आहे अशी हमी निबंधक जगाला देत नाही. नोंदवही ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. म्हणूनच, जाणूनबुजून खोटा मजकूर देणारास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्याने ठेविली.

पुढे १९८४ साली महाराष्ट्राने या कायद्यात दुरुस्ती करून नोंदणीची सक्ती अधिक कडक केली. मूळ कायद्यात, नोंदणी नसली तरी, पेढी मोडण्याचा व हिशेबाचा दावा भागीदारास लावता येत असे. दुरुस्तीने ती वाटही बहुतांशी बंद झाली. त्यामुळे ज्याच्या ताब्यात मालमत्ता राहिली तो भागीदार निर्धास्त आणि दुसरा मात्र आपल्याच भांडवलास पारखा, अशी स्थिती आली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. नोंद न करणारा आणि खोटी नोंद करणारा हे दोघे एक नव्हेत. पहिल्याला कोंडून दुसरा सापडत नाही.

हा दुसरा माणूस वस्तू व सेवा करात स्पष्ट दिसतो. या कराचा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २०१७ सालचा. एखाद्या गरजू माणसास कर्जाचे किंवा नोकरीचे आमिष दाखवून त्याचे आधार व पॅन घ्यावयाचे, पत्त्यासाठी कोणाचे तरी वीजबिल जोडावयाचे आणि कागदावर पेढी उभी करावयाची. मग माल न देताच बिले फाडावयाची. बिल घेणारा त्यावर कराची वजावट मिळवितो. सरकारी तिजोरीत मात्र दमडीही पडत नाही. १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात केंद्र व राज्यांनी देशभर शोध घेतला, तेव्हा नोंदलेल्या २१,७९१ पेढ्या अस्तित्वातच नसल्याचे आढळले. संशयित करचुकवेगिरी २४,०१० कोटी रुपयांची होती.

अशी नोंदणी मागील तारखेपासूनही रद्द करण्याचा अधिकार अधिनियमाने अधिकाऱ्यास दिला आहे. मालावाचून दिलेल्या बिलांतील कर पाच कोटींहून अधिक असेल, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संशय आल्यास जागेची पाहणी करण्याची व आधारची पडताळणी करण्याची तरतूदही आहे. तथापि शिक्षा होते ती चोरी झाल्यानंतर. तोवर ज्याचे कागद वापरले त्या गरिबाच्या दारी नोटीस आलेली असते, आणि विकणाराने कर भरला नाही म्हणून प्रामाणिक खरेदीदाराची वजावटही धोक्यात आलेली असते.

तेव्हा थोडे काम आपणही केले पाहिजे. बिलावरील पंधरा स्थानांचा नोंदणी क्रमांक कराच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो. नोंदणी कधीची, चालू की रद्द, हे तेथे कळते. भागीदारीची नोंदवहीही फी भरून कोणासही पाहता येते. आधारची प्रत देताना ती कशासाठी दिली हे तिच्यावरच लिहून सही करावी. साक्षीदार न्यायालयात उभा राहिला की त्याची उलटतपासणी होते. नोंदवहीची उलटतपासणी व्यवहार करण्यापूर्वी आपणच घ्यावयाची असते.